उपाशी गोधडी

बायको गेली तेव्हा गोधडी पुरी शिवायची राहिली होती. रियाधच्या नातीसाठी शिवत होती ती. कडेपासून आत आत येत गेली आणि मधला वीतभर चौकोन उघडाच राहिला. मुलाने मला इकडे रियाधला आणलं तेव्हा ती पिशवीत घालून बरोबर घेतली. सुनेने दोनदा विचारलं, "बाबा, धुऊन ठेवू का?" मी म्हणालो, हात लावायचा नाही. धुतली की तिचा वास जाईल, एवढं सुनेला सांगणं मला जमलं नाही.

नात तिसरीत आहे. एक दिवस शाळेतून आली ती थेट माझ्याकडे.

"आबा, मॅथ्सला घरातली डिझाइन न्यायचीय. आपापल्या देशाची. आजीचं ब्लँकेट द्या ना."

"गोधडी म्हणतात त्याला. आणि देणार नाही."

"मग तुम्हीच घेऊन चला. आजीआजोबा चालतात, टीचरनी सांगितलंय."

मुलगा हसला. "जा की बाबा. मांडीवर धरून बसा, कोण पळवतंय?"

गेलो. चौथीनंतर शाळेत पाऊल टाकलं ते त्या दिवशी. बाई केरळच्या, माझ्याशी हिंदीत बोलल्या. पोरं सतरंजीवर बसलेली. एका सुदानी मुलीने ताट झाकायचं विणलेलं रंगीत झाकण आणलं होतं. बाईंनी इथल्या बाजारातली, वाळवंटातल्या बदू लोकांची विणलेली पट्टी आणली होती, सगळी त्रिकोणांची. पोरं त्यावर कागदी त्रिकोण ठेवून चौकोन बनवत होती.

मग माझी पाळी. बाईंनी आधी विचारलं, "अंकल, हात लावला तर चालेल?" नात माझ्याकडे बघत होती. म्हटलं, हात धुऊन या. सगळी रांगेत जाऊन हात धुऊन आली.

बाईंनी लोकर दिली. टाक्यांच्या एकेका फेऱ्यावरून लोकर फिरवायची, फेरा पुरा झाला की कापायची. असे तुकडे फळ्यावर शेजारी शेजारी चिकटवले, मोठ्यापासून लहानापर्यंत. जिनाच झाला. प्रत्येक पायरी सारखीच खाली उतरत होती. बायकोने कधी मोजपट्टी हातात धरली नव्हती. शेवटी मात्र पायऱ्या एकदम मोठ्या झाल्या.

"आबा, इथे आजी चुकली," नात म्हणाली.

"चुकली नाही. तिथून ती आजारी पडली. फेरे एकमेकांपासून लांब घालायला लागली."

मला हे आजवर दिसलं नव्हतं. तिच्या शेजारीच तर बसायचो मी.

सुदानी मुलीने मधल्या उघड्या जागेवर बोट ठेवलं आणि काहीतरी विचारलं. बाई म्हणाल्या, हे का उघडं, विचारतेय.

"ते पोट आहे. बंद करायच्या आधी आमच्यात भाकरीचा तुकडा नि साखर आत ठेवतात. उपाशी गोधडी ऊब देत नाही."

बाईंनी ते पोरांना इंग्रजीत सांगितलं. ती मुलगी उठली, डब्यातल्या खुबूसचा, इथल्या रोटीचा, तुकडा तोडला आणि माझ्यापुढे धरला. नात हळूच म्हणाली, "आबा, आपण तिला इतके दिवस उपाशी ठेवलं?"

मी तुकडा घेऊन खिशात टाकला.

उघड्या जागेच्या मापाचा कागद पोरांनीच कापून दिला. घरी आल्यावर माझा जुना सदरा काढला, त्या मापाने कापड फाडलं आणि सुनेकडे साखर मागितली.

मुलगा म्हणाला, "बाबा, मुंग्या लागतील."

"तू असल्याच गोधडीत वाढलास. तुला लागल्या?"

खुबूसचा तुकडा नि साखर आत ठेवून वर कापड लावलं, टाके नातीने घातले. सुनेने सुई कशी धरायची ते दाखवलं. टाके एवढाले मोठे, वाकडे. मी उसवू दिले नाहीत.

पोरगी लगेच ती अंगावर घेऊन एसीखाली जाऊन बसली. सून दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, आता तरी धुऊ?"

"धू," मी म्हणालो. "पण आज नको. आज तिला पांघरू दे."