गवताची सोय

आमच्या मामंजींना कापलेलं गवत नुसतं पडलेलं बघवत नसे. घरात कुणी आजारी पडलं तर ते "हुईल बरं" म्हणून पुढं जात, कुणाचं डोरलं हरवलं तर "घरातच आसंल" म्हणत. पण मूठभर हिरवं गवत वाया जाताना दिसलं की त्यांचा जीव कासावीस होई. कापलेल्या प्रत्येक काडीची जगात कुठंतरी एक तोंड वाट बघत असतं आणि ते तोंड शोधून काढायचं काम आपल्यावर आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. अशा माणसाला आम्ही लॉन असलेल्या बंगल्यात राहायला आणलं. आमची अक्कल!

लॉन ही आमच्या ह्यांची हौस. लग्नानंतर महाबळेश्वरला एका हॉटेलात राहिलो होतो. लोक तिथून स्ट्रॉबेरी आणतात, ह्यांनी लॉनचं खूळ आणलं. साताऱ्यात बंगला बांधताना माझं स्वयंपाकघर चिंचोळं झालं तरी चाललं, पण पुढं हिरवळ पाहिजे. गवताच्या गुंडाळ्या टेम्पोतून आल्या, सतरंजीसारख्या अंथरल्या गेल्या आणि त्यावर कुणी पाय ठेवायचा नाही असा हुकूम सुटला. मग पेट्रोलवर चालणारं मशीन आलं. दर रविवारी अर्धी चड्डी घालून हे मशीन फिरवत, आणि शेजाऱ्यांचं लक्ष जाईपर्यंत फिरवत राहत.

त्या सुमारास सासूबाई गेल्या आणि कोरेगावजवळच्या आमच्या गावात मामंजी एकटे राहिले. त्यांचं हृदय अशक्त आहे, एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दारातली शेवटची म्हैस विकून ह्यांनी त्यांना जवळजवळ उचलूनच साताऱ्याला आणलं. मामंजींची मात्र पहिल्या दिवसापासून परत जायची तयारी होती. कपड्यांची पिशवी त्यांनी खुंटीला टांगली ती टांगलीच. लागतील तेवढे कपडे काढायचे, धुऊन परत तिच्यात ठेवायचे.

पहिल्या रविवारी मशीन फिरलं. निघालेलं गवत ह्यांनी काळ्या पिशवीत भरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते घंटागाडीत गेलं. ते बघून मामंजी अनवाणी गाडीमागं धावले आणि पिशवी परत घेऊन आले.

"आरं बाळू, वैरण कचऱ्यात टाकतुयास? लाज वाटती का न्हाई?"

"आबा, वैरण नाही ती. लॉनचं गवत आहे."

"लॉनचं आसूं दे न्हाईतर आनिक कशाचं. हिरवं हाय न्हवं?" मग पिशवी पोटाशी धरून त्यांनी जाहीर केलं, "ह्या गवताची सोय लागली, की मी चाललो गावाला. तवर ऱ्हातो."

म्हणजे ते थांबले ते गवतासाठी. तव्यावरची भाकरी मी थेट त्यांच्या ताटात वाढत होते, पण मान गवताचा.

तेव्हापासून आमची गच्ची गेली. शेजाऱ्यांच्या गच्चीवर सोलर, आमच्या गच्चीवर वैरण. माहेरून आलेल्या माझ्या चादरीवर मामंजी ते बारीक गवत पसरत, दुपारी एकदा खालीवर करत, संध्याकाळी पोत्यात भरत. पलीकडं मी कुरडया घातलेल्या. त्या वर्षी तळलेल्या कुरडईत हिरवी काडी सापडली नाही असा पाहुणा नाही. मी कुरकुर केली तर म्हणाले, "काडीनं काय हुतंय, पोरी? जनावरं रोज खात्यात."

आल्यागेल्याची चौकशी ते एकाच प्रश्नानं करत. नोकरी काय, मुलं किती, ह्यात त्यांना रस नव्हता. "दावणीला काय हाय?" एवढंच. ह्यांचे मोठे साहेब सपत्नीक चहाला आले तेव्हा मी चांगले कप काढले होते, हे इंग्रजीतून हसत होते, आणि मामंजींनी विचारलं, "सायेब, दावणीला काय हाय?" साहेब म्हणाले, दोन कुत्री आहेत. मामंजींनी जरा विचार केला. "कुत्रीबी गवात खात्यात. पर प्वाट बिघाडल्यावर. कवा बिघाडलं तर कळवा." साहेबीणबाईंनी बिस्किट खाली ठेवलं ते परत उचललं नाही.

शेवटी ओढ्याकडेला आनंदा गवळ्याची म्हैस सापडली. सकाळी सगळी कॉलनी बूट घालून फिरायला निघालेली, आणि तिच्या मधून मामंजी डोक्यावर पोतं घेऊन. पण म्हशीनं ताज्या गवताला नाक लावलं, फुरफुरली आणि तोंड फिरवलं. मशीनच्या पेट्रोलचा वास लागला होता त्याला. मामंजी घरी आले आणि जेवले नाहीत. "तिनं नगं म्हनलं, पोरी. माज्या हातचं कुटल्या जनावरानं आजपातूर नगं म्हनलं न्हवतं." एरवी मी काहीतरी बोलले असते. त्या दिवशी मी त्यांचं ताट झाकून ठेवलं.

त्याच आठवड्यात बेंदूर होता. गावाकडं ह्या दिवशी बैल रंगवायचे, मिरवायचे. इथं कुंभाराकडची मातीची जोडी पाटावर मांडायची. मी पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. मामंजींनी त्या बोटभर बैलांपुढं परातभर गवत आणून ठेवलं आणि शेजारी मांडी घालून बसले. "खात न्हाईत," ते म्हणाले, "पर नगं बी म्हनत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विळ्याला धार लावली. हे ऑफिसातून आले तेव्हा मशीन पोत्याखाली झाकलेलं होतं आणि मामंजी लॉनवर उकिडवे बसून गवत कापत होते. जत्रेच्या गर्दीत न्हाव्यानं घाईघाईनं डोकं उरकावं तसं लॉन दिसत होतं. हे बुटांसकट लॉनवर आले.

"आबा, हे काय?"

"हेला प्याट्रोल लागत न्हाई. म्हशीला इचार जा."

म्हशीनं खाल्लं. पोतं रिकामं केलं. आनंदा स्वतः निरोप घेऊन दारात आला, "आबा, रोज कापून ठिवा, मी सकाळी न्हेत जाईन." मामंजी लहान मुलासारखे खुलले. रात्री जेवून उठले, खुंटीवरची पिशवी काढली आणि म्हणाले, "बाळू, सोय लागली बग. उद्याच्या यष्टीला बशीव मला."

हे नुसतं "बरं" म्हणाले. ऑफिसात माईक मिळाला की न सोडणारा माणूस! खोलीत आल्यावर मी भांडले. "अहो, राहा म्हणा की! हृदयाचं दुखणं, तिथं रात्री-अपरात्री काही झालं तर?"

"आमच्या घरात कुणी कुणाला राहा म्हटलेलं नाही," हे म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. झोप कसली, रात्रभर कूस बदलत होते आणि पहाटे उठून कुणाला तरी फोन लावत होते.

सकाळी मामंजी टोपी घालून, पिशवी घेऊन पायरीवर बसले होते. तेवढ्यात फाटकात टेम्पो आला. त्यात गवताच्या गुंडाळ्या. ह्यांनी त्या घराच्या मागं उतरवून घेतल्या. जिथं माझी कपड्यांची दोरी होती, कढीलिंब होता, तिथं.

"आता मागंबी गवात?" मामंजी उठून उभे राहिले.

"आनंदाच्या एका म्हशीला एवढं जायचं नाही, आबा," हे गुंडाळीकडं बघत म्हणाले.

"येका म्हशीला कसं जाईल? तुला अक्कल कवा यायची रं?" मामंजी लय वैतागले. वैतागतच आत गेले, पिशवी खुंटीला टांगली आणि विळा घेऊन मागं आले.

पुढं आनंदानं दुसरी म्हैस घेतली. बातमी कळताच ह्यांनी घराच्या दोन्ही बाजूंच्या फरश्या उखडून लॉन लावलं. माझी तुळस गच्चीवर गेली, वैरणीच्या शेजारी. लोक विचारत, साहेबांना बागेची एवढी आवड कशी? मी म्हणे, घराण्यातच आहे. एकदा कोथिंबीर निवडताना मामंजी माझ्याशेजारी बसले होते. म्हणाले, "बाळूला बोलाय येत न्हाई. गवात लावतुय." आणि पुढची जुडी सोडायला घेतली.

गेल्या थंडीत एका दुपारी ते मागच्या लॉनवर विळा घेऊन बसले होते. "च्या टाक गं," म्हणाले. मी चहा घेऊन आले तोवर ते गेले होते. कापलेल्या गवताचा ढीग शेजारी नीट रचून ठेवलेला होता.

दहाव्याला माहुलीला नदीकाठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या भिंतीवर ओळीनं बसलेले, पण एक खाली उतरेना. मग आमच्याकडं होतात तशी आश्वासनं सुरू झाली. लांब नोकरीला असलेले धाकटे दीर म्हणाले, आबा, रान पडीक ठेवणार नाही. नणंद म्हणाली, माझी काळजी करू नका. चुलतसासऱ्यांनी तर कुणी मागितलेलं नसताना भाऊबंदकी मिटवून टाकली. कावळे ढिम्म. मागून आनंदा पुढं आला, "आबा, गवात मी न्हेतो." एका कावळ्यानं मान वळवली, पण तेवढंच.

सगळे ह्यांच्याकडं बघायला लागले. काय म्हणायला हवं ते मला ठाऊक होतं, ह्यांनाही ठाऊक होतं. इतकी वर्षं ज्या एका वाक्याची वेळ येऊ नये म्हणून ह्यांनी घराभोवती गवत लावलं, तेच वाक्य. हे हात जोडून पिंडापाशी गेले. मग म्हणाले, "आबा, गवताची सोय लागली."

कावळा उतरला.

हे तिथंच पाण्याच्या कडेला खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. लग्नापासून मी ह्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. मलाही आवरलं नाही.

अर्थात, साफ खोटं बोलले. म्हशी दोन आणि लॉन घराच्या चारी बाजूंनी, सोय कुठली लागायला? आज रविवार आहे. हे खाली विळा घेऊन उकिडवे बसलेत, कापता येत नाही तरी कापतायत. मी गच्चीवर चादर अंथरून बसलेय. आनंदाची फेरी होऊन गेली, आणि पोतंभर गवत अजून उरलंय.