लेव्ही कुचेराला बोलावणं आलं तेव्हा

सँडक्रीक कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात एकतिसाव्या रांगेत बसणारी आम्ही चार माणसं जरा वाया गेलेली आहोत, हे आधीच सांगून टाकते. आपल्या संघाची चाल फसली की सगळं मैदान हळहळायचं आणि आम्ही उठून नाचायचो. कारण तीनदा चाल फसली की चेंडू लाथ मारून लांब घालवावा लागतो, आणि लाथ मारणाऱ्याच्या हातात तो दोन पायांमधून मागे फेकून द्यायला लेव्ही कुचेरा मैदानात यायचा. वाकायचा, फेकायचा, धावायचा आणि परत बाकावर जाऊन बसायचा. एवढ्यासाठी आम्ही घसा फुटेस्तोवर त्याचं नाव घ्यायचो.

एकदा पुढच्या रांगेतल्या गृहस्थांना राहवलं नाही. मागे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?"

"कुचेराच्या," माझा दीर डेल म्हणाला. "बाकीचे हरले तरी चालतील."

चौघांत मी, म्हणजे बेव्ह होलुब, डेल, त्याची बायको आर्लीन आणि लेव्हीची आई जॅनेट. मी तालुक्याच्या शाळेची बस चालवायचे. लेव्ही बारा वर्षं माझ्या बसमध्ये बसला. त्याचं शेत सगळ्यात शेवटचं, त्यामुळे पाऊण तास आम्ही दोघंच असायचो. पोरगा बोलायचा कमी, पण मांडीवर चेंडू असायचाच. घरी गेला की गोठ्याच्या दाराला टांगलेल्या टायरातून तो चेंडू उलटा फेकत बसायचा. टायरचा कंटाळा आला की जॅनेटला उभं करायचा. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून वाकडी आहेत, आणि ती बोटं ती दागिन्यासारखी दाखवत फिरते.

त्याला कॉलेजनं बोलावलं नव्हतं, शिष्यवृत्ती दिली नव्हती. हा पठ्ठ्या आपणहून प्रशिक्षकांच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मला उलटं फेकता येतं." चार वर्षांत त्याचा एकही चेंडू वाकडा गेला नाही, म्हणून त्याचं नावही कुणाला कळलं नाही. या कामात माणसाचं नाव होतं ते चुकल्यावरच.

शेवटचं वर्ष संपलं आणि एप्रिल आला. एप्रिलमध्ये मोठे व्यावसायिक संघ तीन दिवस बसून कॉलेजातली पोरं निवडतात आणि सगळा देश ते टीव्हीवर बघतो. लेव्हीच्या एजंटनं आधीच सांगितलं होतं, "यादीत तुझं नाव येणार नाही. उलटं फेकणाऱ्याला यादीत कुणी घेत नाही. पण शनिवारी यादी संपली की पुढच्या अर्ध्या तासात संघ उरलेल्या पोरांना फोन करतात. तेवढा फोन उचल. तो चुकला तर संपलं."

आता आमच्याकडची रीत अशी, की कुणाच्या घरी मोठा दिवस असला तर बारा जणांना बोलावून तेराव्याला वगळता येत नाही. तो तेरावा मग चर्चमध्ये सहा महिने तुमच्याकडे बघून नुसतं हसतो. त्यामुळे कुचेरांनी सगळ्यांनाच बोलावलं आणि तीनशे माणसं आली. घरात मावणं शक्य नव्हतं, म्हणून लेव्हीच्या वडिलांनी, रॉजरनं, ट्रॅक्टर बाहेर काढले आणि शेड झाडून घेतली. प्रत्येक बाईनं काहीतरी रांधून आणलं होतं. नुसती बटाट्याची सॅलड अकरा होती, आणि अकरा जणी डोळ्याच्या कोपऱ्यातून कुणाचं भांडं आधी संपतंय ते बघत होत्या.

लेव्हीचा फोन मधल्या टेबलावर, आर्लीननं विणलेल्या रुमालावर ठेवला होता. वधूला पाटावर बसवावं तसा.

ती शेड पत्र्याची. चारी भिंती पत्र्याच्या, वर पत्रा. तिच्यात फोन लागत नाही, कधीच लागला नाही. रॉजर जॅनेटवर रुसला की तिथेच जाऊन बसतो, कारण तिथे त्याला कुणी गाठू शकत नाही. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या दिवशी तिथल्या तीनशे जणांनाही ते ठाऊक होतं. आठवलं मात्र एकालाही नाही.

यादी संपली. रॉजरनं टीव्हीचा आवाज बंद केला. तीनशे माणसं एका फोनकडे टक लावून उभी. कॉफीचं यंत्र गुरगुरलं तर डेल त्याच्यावर खेकसला, "गप रे!"

पाच मिनिटं गेली. दहा गेली. वीस मिनिटांनी आमचे पाद्रीबाबा म्हणाले, "मोठ्या माणसांना वेळ लागतो." लेव्ही आलुबुखार भरलेले गोड पाव, आमच्याकडचे कोलाचे, एकामागून एक तोंडात टाकत होता आणि त्याला चव कळत नव्हती, हे त्याच्या जबड्यावरून दिसत होतं. पस्तीस मिनिटं झाली तसा तो आईकडे बघून किंचित हसला. ते हसू मला बघवेना. गाडीतून सॉसेजचा ट्रे आणते असं पुटपुटत मी बाहेर सटकले.

गाडीतून ट्रे काढला तोच माझ्या खिशातला फोन थरथरायला लागला. ओमाहाहून बहीण बोलत होती. "अगं, आला का फोन? तुझा तासभर लागतच नाहीये!"

शेडबाहेर येताच फोन लागला होता! मग एकसष्टाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यानिशी, मी अशी पळाले की ट्रे कुठे गेला ते कुत्र्यांनाच माहीत. दारातून मला एकच शब्द ओरडता आला, "पत्रा! पत्रा!"

"काय पत्रा?" आर्लीन म्हणाली.

डेलला मात्र कळलं. त्यानं रुमालासकट फोन उचलला आणि बाहेर धूम ठोकली. त्याच्यामागे लेव्ही आणि लेव्हीमागे तीनशे माणसं, काहींच्या हातात ताटं तशीच. अंगणात डेलनं फोन आभाळाकडे धरला आणि तो एकदम थरथरला. न उचललेले फोन अकरा.

लेव्हीनं फोन घेतला, आम्हाला हातानं थांबा म्हणून खुणावलं आणि पार रस्त्यापर्यंत, टपालपेटीपाशी गेला. आम्हाला त्याची पाठ तेवढी दिसत होती. दोनेक मिनिटं बोलला. फोन खिशात घातला. क्षणभर तसाच उभा राहिला, मग वळला आणि दोन्ही हात वर करून आला.

"बोलावलंय!"

काय सांगू तुम्हाला! रॉजरनं डेलला मिठी मारली. दोघं कुंपणाच्या वादामुळे सात वर्षं बोलत नव्हते. आर्लीननं पाद्रीबाबांचा मुका घेतला. कुणीतरी ट्रॅक्टरचा भोंगा दाबून धरला आणि पोरांनी डेलला उचलून गुरांच्या पाण्याच्या टाकीत टाकलं. अकराच्या अकरा सॅलड संपली. मी गुडघा विसरून पोल्का नाचले, दोनदा.

लेव्ही गेला आणि संघात राहिला. सप्टेंबरात टीव्हीवर वाकलेला दिसला. चेहरा नाही, पार्श्वभाग. जॅनेट टीव्हीला बोट लावून म्हणाली, "हा माझा!"

याला पाच वर्षं झाली. दर हंगामाच्या पहिल्या शनिवारी, सामन्याआधी, मैदानाबाहेर गाड्या लावून आम्ही सॉसेज भाजतो आणि ही गोष्ट सांगतो. गोष्ट दरवर्षी अंगानं भरते. यंदा शेजारच्या गाडीशी एक नवं जोडपं होतं, म्हणून डेलला चेव चढला. त्याचं ते अंगणातलं पळणं आता अर्ध्या मैलाचं झालं होतं, वाटेत दोन कुंपणं.

"आम्ही नसतो ना," चिमटा हलवत तो म्हणाला, "तर पोरगा आज ट्रॅक्टरवर असता."

जॅनेट पावाला मोहरी लावत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही नसता, तर पोराला त्या दिवशीच करार मिळाला असता."

"म्हणजे?"

"त्यांनी अर्धा तास वाट पाहिली, डेल. अकरा वेळा फोन केला. मग दुसरा पोरगा घेतला. लेव्हीनं उलट फोन केला तेव्हा जागा गेली होती. म्हणाले, हवं तर तीन दिवस येऊन फेकून दाखव. करार नाही, भरवसा नाही, पेट्रोल तुझं."

"पण तो म्हणाला, बोलावलंय!" मी म्हणाले.

"बोलावलंच होतं की. तीन दिवसांसाठी."

"आणि तू पाच वर्षं गप्प?"

"त्यानं शपथ घातली होती. पण आज दोन कुंपणं आली, बेव्ह. मला ऐकवेना."

डेलनं चिमटा खाली ठेवला. सॉसेज करपत होती, कुणी उलटली नाहीत. त्या टपालपेटीपाशी पोरगा आपलं सगळं गमावून उभा होता, आणि आम्ही त्याच्या पाठीकडे बघून टाळ्या वाजवायला हात तयार ठेवले होते. मला माझीच लाज वाटली.

डेलनं लेव्हीला फोन लावला. "लेव्ही, अरे, तो पत्रा..." एवढंच म्हणाला. त्यानं फोन माझ्या हातात कोंबला.

"आई बोलली वाटतं," लेव्ही हसत म्हणाला.

"का रे सांगितलं नाहीस आम्हाला?"

"मिसेस होलुब, मी वळलो तेव्हा तुम्ही सगळे हातात ताटं धरून माझ्याकडे बघत होतात. 'नाही' म्हणालो असतो तर तुम्ही मला जेवायला वाढलं असतं, धीर दिला असता, आणि मी घरीच राहिलो असतो. मी स्वतःला ओळखतो."

"मग?"

"म्हणून 'हो' म्हणालो. तीनशे माणसांना एकदा हो म्हटल्यावर ते खरं करून दाखवावंच लागतं."