नाईक भोईरचे डोळे

उल्हासनगरात माझी आई जीन्सच्या कारखान्यात धागे कापायची. पॅन्ट शिवून झाली की शिलाईचे लोंबणारे धागे कात्रीने उडवायचे, हे काम. पत्र्याची शेड, डोक्यावर पंखा, आणि दिवसभर हवेत निळं तूस. संध्याकाळी ती विठ्ठलवाडीला खोलीवर यायची तेव्हा डोळ्यांत रेती गेल्यासारखी पापण्या मिटायची. मग चोळायची. गुलाबपाणी टाकायची आणि पुन्हा चोळायची. वडील पाठीच्या दुखण्याने घरीच होते. तिने एक दिवस बुडवला तर शेठ दुसरी बाई बसवायचा, म्हणून डॉक्टरकडे जाणं राहिलं. चोळून चोळून बुबुळावर व्रण पडला. उजव्या डोळ्याने तिला आजही धुरकट दिसतं.

त्या पगारावर मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. पदवी घेतली आणि फौजेत भरती झालो. हे मी अभिमानाने सांगतो.

हवालदार झालो तेव्हा आमची कंपनी राजस्थानात होती. माझ्या सेक्शनचा ड्रायव्हर नाईक दत्ता भोईर, माझ्याहून एक रँक खाली. बदलापूरहून बारवी धरणाकडे जाताना त्याचं गाव लागतं. आमच्या भागातला म्हणून दोस्ती झाली, पण मला नावाने कधी हाक मारली नाही. उस्तादच म्हणायचा.

भातकापणीच्या दिवसांत गावाकडे त्याचे डोळे खाजायचे, लहानपणापासून. गवत फुललं की सुरू. वाळवंटात त्या खाजेला हंगाम राहिला नाही. वारा कोरडा, धूळ बारीक पिठासारखी, आणि ड्रायव्हर समोर टक लावून बसणारा, त्यामुळे पापणी कमी लवते. सगळ्यांचेच डोळे चुरचुरायचे. भोईरचे मात्र सुट्टीवरून आला की स्वच्छ असायचे.

"काय रे, गावचं पाणी लागलं का डोळ्यांना?" मी एकदा विचारलं.

"बायकोचा तोंड बगितला ना उस्ताद, डोलं आपोआप बरं व्हतान."

सगळे हसले. मीही हसलो.

उन्हाळ्यात एक्सरसाइजसाठी, म्हणजे युद्धसरावासाठी, रेंजवर गेलो. रोजचं काम ठरलेलं. पहाटे पीटी, गाड्यांची तपासणी, नाश्ता, मूव्ह. तिथे पोरं भोईरची खेचायला लागली. जेवताना डावीकडचा मग त्याच्या कोपराने उडायचा. तंबूच्या दोरीला डाव्या पायाने अडखळायचा.

"भोईर, तुझा डावा आरसा कुणी काढला रे?"

"तुज्या सासऱ्याने," तो म्हणायचा.

मी ते ऐकलं आणि त्याला बाजूला घेतलं. "सिक रिपोर्ट कर."

"नाय उस्ताद. पुडच्या महिन्यान प्रमोशन कॅडर हाय. कॅटेगरी पडली तं मी गेलो."

हे सिव्हिलियन लोकांना समजावून सांगायला हवं. फौजेत प्रत्येक जवानाची मेडिकल कॅटेगरी असते. ती खाली गेली की कॅडरचा कोर्स आणि प्रमोशन दोन्ही अडकतं. ड्रायव्हरचे डोळे गेले तर स्टेअरिंगही जातं. म्हणून जवान ताप सांगतो, गुडघा सांगतो. डोळा सांगत नाही.

मी ऐकलं नाही. एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, स्वतः घेऊन गेलो. डॉक्टर कॅप्टनसाहेबांनी टॉर्चने डोळे पाहिले.

"कोरडे आहेत. वर ॲलर्जी. बाहेरचे काही ड्रॉप्स टाकतोस?"

"नो सर."

"मेडिकलमधून आणलेलं, घरचं, कुणाचं काही?"

"नो सर."

साहेबांनी ओलावा ठेवणारे साधे थेंब दिले. डोळे चोळायचे नाहीत, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या, गॉगल काढायचा नाही, दुसऱ्याची बाटली वापरायची नाही. त्याला बाजूचं दिसत नाही हे मी सांगितलं, पण ते तपासायचं मशीन तिथे नव्हतं, म्हणून मिलिटरी हॉस्पिटलचा रेफरल दिला. तोवर गाडी चालवायची नाही.

बाहेर आल्यावर भोईर थेट गाडीकडे गेला. चावी दुसऱ्या ड्रायव्हरकडे दिली आणि बोनेटवर एकदा हात फिरवला. ड्रायव्हिंगवरून उतरलेल्या माणसाला जमिनीवरचं काम मिळतं. त्याला गाड्या मागे घेताना दिशा दाखवायचं काम मिळालं.

दोन दिवसांनी दुपारी आंधी आली. आधी क्षितिज पिवळं झालं, मग दिसेनासं झालं. रेडिओवर कंपनी कमांडरांचा आवाज आला.

"ऑल स्टेशन्स, सब गाड़ी जहाँ है वहीं रुको. ओव्हर."

आमचे दोन ट्रक थांबायला लागले. पाण्याचा टँकर उतारावरून खाली येत होता. त्याच्या ड्रायव्हरला ऑर्डर नीट ऐकू गेली नाही. भोईर दोन गाड्यांच्या मध्ये उभा राहून आमच्या ट्रकला थांबायची खूण करत होता. टँकर त्याच्या डावीकडून आला. टँकरवाला हॉर्न देत होता, पण वाऱ्यात सगळेच हॉर्न वाजत होते. मी केबिनमधून ओरडलो. भोईरने माझ्याकडे पाहिलं. डावीकडे पाहिलंच नाही.

"वन कॅज्युअल्टी. अॅम्ब्युलन्स भेजो. ओव्हर."

"हालत बताओ. ओव्हर."

भोईर जागेवरच गेला होता. तसं मी सांगितलं.

त्याचं सामान बांधायचं काम माझ्याकडे आलं. मोज्यांच्या जोड्यांमध्ये थेंबांच्या रिकाम्या बाटल्या निघाल्या. एकाच औषधाच्या. मी डॉक्टरसाहेबांकडे नेल्या. त्यांनी एकेक लेबल वाचलं.

"स्टेरॉइड," ते म्हणाले. "खाज लगेच थांबते. लाली जाते. महिनोन् महिने टाकलं की काही लोकांच्या डोळ्यातलं प्रेशर वाढतं, काचबिंदू होतो. कडेची नजर आधी जाते. दुखत नाही, म्हणून कळत नाही."

"सर, तुम्ही विचारलं होतं त्याला."

"हो. विचारलं होतं."

अस्थी आणि ट्रंक घेऊन मी त्याच्या गावी गेलो. कार्य आटोपल्यावर वनिता वहिनी, त्याची बायको, समोर येऊन बसल्या. डोळे लाल होते. रडून असतील असं वाटलं. पण त्या मनगटाने चोळत होत्या.

"वहिनी, डोळ्यात काही टाकता का?"

"यांनीच दिलेला औशद. उलासनगरच्या मेडिकलवाल्याकरून आनलेला. मना पन सुगीला खाजतंय ना. दोगांना एकच."

"कधीपासून?"

"दोन सुग्या झाल्या."

मी एक दिवसही थांबलो नाही. त्यांना आणि त्यांच्या सासऱ्यांना, भोईरच्या वडिलांना, घेऊन अंबरनाथला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. प्रेशर वाढलेलं होतं. नस अजून शाबूत होती. थेंब बंद झाले, प्रेशरचं औषध सुरू झालं.

परतताना सासरे म्हणाले, "हवालदार, आमच्या पोराला यो कोनी सांगितला नाय?"

"विचारलं होतं बाबा. तो नाही म्हणाला."

"का?"

"नोकरीसाठी."

म्हाताऱ्याने मान हलवली. ते उत्तर त्याला कळलं. ते त्याला इतक्या सहज पटलं, हे मला आवडलं नाही.

युनिटला परतून मी कंपनी कमांडरांच्या परवानगीने रोल कॉलला सगळं सांगितलं. त्या आठवड्यात जवान एकेक करून एमआय रूमला बाटल्या घेऊन गेले. काहींची कॅटेगरी तात्पुरती पडली. नजर कुणाची गेली नाही.

मी आता रिटायर आहे. रविवारी उल्हासनगरात कारखान्यांच्या गल्लीत जातो. धागे कापणाऱ्या बाया त्यांची औषधं आणतात, मी खोक्यावरचं इंग्रजी वाचून सांगतो आणि ज्यांना गरज आहे त्यांना डॉक्टरकडे पाठवतो. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याशी माझं दोनदा जोरात भांडण झालं. "मिलिटरी, धंदा खराब मत कर यार," म्हणाला. आता तो ते थेंब चिठ्ठीशिवाय देत नाही.

वनिता वहिनींनी रिक्षाचं लायसन्स काढलं. त्याआधी डॉक्टरांनी कडेची नजर मशीनवर तपासली, दोन्ही डोळ्यांची. पूर्ण निघाली. बदलापूर स्टेशन ते गाव, त्या रोज गाडी चालवतात. रिक्षाच्या मागे पांढऱ्या रंगात नाव आहे, रँकसकट: नाईक दत्तात्रय भोईर.