रुक्माबाईनं पकडलेला उपवास

रावेरात रुक्माबाई ओळखली जाते ती तिच्या संशयासाठी. मिशनच्या जुन्या दवाखान्यात तिनं आयाचं काम करून केस पांढरे केले, अर्ध्या तालुक्याच्या बाळंतिणींच्या पाठीवरून हात फिरवला, पण ते सगळं मागे पडलं. भाजीवाली जरा गोड बोलली की ही म्हणणार, "आज काय सडकं खपवायचं हाय वं तुले?" पाळकांनी प्रवचन लवकर आटोपलं तरी हिच्या मनात पाल चुकचुकलीच. तिचा नवरा पितांबर, बिचारा आता देवाघरी गेला, पण हयात होता तेव्हा चारचौघांत सांगायचा, "स्वर्गाच्या दारात पेत्र किल्ल्या घेऊन उभा असंल ना, तर आमची ही त्यालेच विचारंल, तुह्याजवळ किल्ल्या आल्या कुठून?" सगळे हसायचे. रुक्माबाई मात्र तेव्हाही बघायची, की कोण जरा जास्तच हसतंय.

आता अशा बाईच्या घरात सून यायची म्हणजे काय ते तुम्हीच समजा. आणि सून तरी कुठली? पहूरची. चारुलता. घरी केळी-कपाशीची शेती, दारात तुळस, आई वारांवारी उपवास करणारी. रुक्माबाईचा मुलगा योगेंद्र ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या दुकानात कामाला. शेतावर नळ्या टाकायला गेला आणि मन देऊन बसला. कोर्टात लग्न झालं. चारुलताच्या बापानं "आम्हाला मुलगी नव्हतीच" म्हणून दार लावून घेतलं ते आजतागायत उघडलं नाही. पोरीनं त्यावर कधी तोंडातून शब्द काढला नाही. दर रविवारी ती नवऱ्याबरोबर चर्चला येऊन मागच्या बाकावर बसायची. बाप्तिस्मा घेतला नव्हता. पाळकांनी विचारलं तर म्हणाली, "अजून समजून घेते आहे." रुक्माबाईला ह्या समजून घेण्यातच पाणी मुरताना दिसायचं.

ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाची सुरुवात यंदा ठिणगीनंच झाली. पहिल्या दिवशी, भस्म बुधवारच्या उपासनेहून परत येताना चारुलता सहज बोलून गेली, "आई, यंदा मीही उपवास धरणार आहे. पहूरला तर मी सगळे सोमवार करायचे, गल्लीत सगळ्यांना माहीत असायचं."

झालं. रुक्माबाई भर रस्त्यात थांबली. "आमच्यात उपवासाचा डांगोरा पिटत नाहीत, पोरी. प्रभूनं सांगितलंय, उपवास करशील तेव्हा तोंड पाडून फिरू नको. तोंड धू, डोक्याले तेल लाव, माणसाले कळलं नाही पाहिजे. तुह्यं अन् देवाचं. सांगितला तो उपवास संपला, समजलं?"

चारुलतानं मान हलवली. नंतर तिनं उपवासाचं नावही काढलं नाही. रुक्माबाईला वाटलं, बरं झालं, खूळ गेलं.

ह्या काळात रावेरच्या चर्चच्या मंडळीत मुठीची रीत असते. घरची बाई स्वयंपाकाला बसायच्या आधी एक मूठ ज्वारी डब्यात टाकते. दर शुक्रवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थना होते, तिथं महिला मंडळाच्या बायका आपापले डबे आणतात आणि एका पिंपात ओततात. ईस्टरच्या आठवडाभर आधी झावळ्यांचा रविवार येतो, त्याच्या आत ते धान्य केळीच्या मळ्यांत जातं. सातपुड्यातून केळी तोडायला उतरलेली पावरा आदिवासी कुटुंबं तिथं पालं ठोकून राहतात, त्यांना ते वाटतात. हा सगळा कारभार रुक्माबाईच्या हाती. बाकी कोणाच्या हाती तिनं तो दिलाच नसता. आणि खरं सांगायचं तर त्या कामात बाई एक नंबर होती. कोणत्या पालात तान्हं मूल आहे, कोणाचा नवरा पिऊन धान्य विकेल, हे तिला बरोबर कळायचं.

पण घरात तिचा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि त्याचं कारण होतं धुळे. योगेंद्रच्या मालकानं धुळ्याला नवं दुकान उघडलं होतं आणि ते सांभाळायला योगेंद्रलाच पाठवायचं त्याच्या मनात होतं. ईस्टरपर्यंत हो की नाही ते सांग, म्हणाला. योगेंद्र आईकडे बघून चालढकल करत होता. एकुलता एक मुलगा गेला तर घरात भिंती तेवढ्या उरणार, हे रुक्माबाईला दिसत होतं. आणि तिनं मनाशी पक्कं केलं होतं, की ह्यामागे सूनच आहे. हिलाच वेगळी चूल पाहिजे.

मग काय, तिनं सुनेवर नजर ठेवलीच. आणि नजर लावली की दिसतंच काहीतरी. चारुलता रोज दुपारी चोपून तेल लावून, तोंड धुऊन, टिकली नीट करून बसायला लागली. बाकी बायका ह्या दिवसांत साध्या राहतात, आणि हिचा चेहरा तुकतुकीत! दुपारी जेवून घे म्हटलं तर म्हणायची, "तुमचा उपवास आहे ना आई, मी नंतर बघते माझं." तिचं हे नंतर कधी उजाडायचं ते रुक्माबाईला दिसत नव्हतं. ती स्वतः दिवसभर पाण्यावर राहायची, चहासुद्धा सोडला होता, त्यामुळे दुपारी डोकं ठणकत ती पडून असायची. मग एक दिवस कचरा टाकताना तिला वर्तमानपत्राची घट्ट पुडी लागली. सोडून बघते तर केळीची सालं!

दुसऱ्या दिवशी पुन्हा पुडी, तिसऱ्या दिवशीही. अगं बाई! सासू पाण्यावर आणि ही चोरून केळी हाणते! रावेरात केळ्यांचा काय तोटा, योगेंद्र शेतांवरून फण्याच्या फण्या आणायचा. खायची तर खा ना उघड, हात कोणी धरलाय? पण सालं कागदात गुंडाळून लपवते, म्हणजे मनात खोट आहे. रुक्माबाईनं ही गोष्ट मनात घट्ट बांधून ठेवली.

आणि त्यात डबा. मुठीचा डबा भराभर भरायला लागला. रुक्माबाई रोजची मूठ आपल्या हातानं टाकत होती, तिला ठाऊक होतं कुठवर भरायला हवा. हा तर त्याच्या वर. कमी झाला असता तर चोर शोधायला सोपं. जास्त झाला तर कोणाला धरायचं? तिची झोप उडाली. कोठीत हात घालून पाहिलं, कोठी नेहमीसारखीच उतरत होती.

पुढचा शुक्रवार रुक्माबाईच्याच घरी होता. बायका जमल्या, गीतं झाली, प्रार्थना झाली, डबे निघाले. रुक्माबाईचा डबा पिंपात ओतताना कुंदाबाई, तिची दवाखान्यापासूनची मैत्रीण, डोळे विस्फारून म्हणाली, "रुक्मा, ही मूठ हाय का पायली? हाताला काय सूज आली वं तुह्या?" बायका हसल्या.

ते हसू रुक्माबाईला झोंबलं. ती देणगीचा मोठेपणा मिरवते असं ह्यांना वाटलं तर? "म्या नाही टाकली एवढी बठ्ठी," ती फणकारली आणि दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या सुनेकडे बोट केलं. "हिले विचारा! माह्या डब्यात हिनंच ओतली. मले तुमच्यात खोटं पाडायले! वर्षभर चर्चात येऊन बसते साळसूद, अन् उपवासाच्या दिवसांत चोरून केळी खाते, सालं कागदात बांधून फेकते. तेल काय, टिकली काय! म्या डोळ्यानं पाह्यलं."

चारुलताचा चेहरा पांढरा पडला. तिनं तोंड उघडलं, मग मिटलं, ट्रे खाली ठेवला आणि आत निघून गेली. योगेंद्र नेमका तेव्हाच कामावरून आला होता, अंगणात चप्पल काढत त्यानं सगळं ऐकलं. तिथंच अंगणात उभं राहून त्यानं मालकाला फोन लावला आणि म्हणाला, "शेठ, धुळ्याचं नक्की समजा."

घ्या आता! ज्याला भीत होती तेच तिनं स्वतःच्या तोंडानं ओढवून आणलं. पण रुक्माबाई कसली नमते! तिला वाटलं, बघा, डाव साधला हिनं. आता पुरावाच काढते, म्हणजे पोराचे डोळे उघडतील.

सोमवारी दुपारी ती डोकं दुखतंय म्हणून पडली आणि थोड्या वेळानं अनवाणी उठून स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. चारुलता आतच होती. तिनं कोठी उघडली, आपल्या दोन भाकरींपुरती ज्वारी वाटीत काढली आणि ती वाटी मुठीच्या डब्यात रिकामी केली. तोंड धुतलं. तळहातावर तेल घेऊन केसांना लावलं. मग पदर डोक्यावर घेऊन, डोळे मिटून बराच वेळ बसली. ओठ हलत होते. उठली, एक केळं सोललं, खाल्लं, आणि सालं वर्तमानपत्रात गुंडाळायला लागली.

"हा कसला उपवास वं?" रुक्माबाई दारातून ओरडली. "केळं खाऊन?"

चारुलता दचकली. पण तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याचं काही नव्हतं, नुसता गोंधळ होता. "उपवासाला केळं चालतं ना, आई? अन्न नाही चालत. आमची आई एकादशीला केळी नाहीतर शेंगदाणेच खायची. मी संध्याकाळपर्यंत धान्याला शिवत नाही. माझ्या वाटची जी ज्वारी वाचते ती ह्यात टाकते. माझ्या वाटचीच आहे, घरची जास्तीची नाही घेतली."

"मंग सालं लपवते कशाले?"

"कचऱ्यात रोज केळीची सालं दिसली की कळतंच ना, ह्या घरात कोणाचा तरी उपवास आहे. पहूरला तर शेजारीणसुद्धा सालं बघून विचारायची, आज काय आहे म्हणून. तुम्हीच सांगितलं होतं, कळलं तर उपवास संपला. तेल लाव, तोंड धू, तेही तुम्हीच."

रुक्माबाई उंबऱ्यावर बसली. "अन् त्या दिवशी बायकांसमोर का नाही बोललीस?"

"बोलले असते तर सांगितल्यासारखं झालं असतं." चारुलतानं पुडी खाली ठेवली. "तेवढे दिवस पाळलं होतं, ते वाया गेलं असतं."

रुक्माबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती सुनेची खोट पकडायला दबा धरून उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला तिथं तिचंच बोलणं सापडलं. तिच्या चर्चच्या रितीप्रमाणे केळं खाल्लं तरी उपवास मोडतो. पण ती हे सुनेला कधी बोलली नव्हती, आणि सून विचारणार तरी कशी? विचारलं असतं तरी सांगितल्यासारखंच झालं असतं.

तिचा स्वभाव अर्ध्यावर थांबणारा नव्हता. पुढच्या शुक्रवारी कुंदाबाईच्या घरी ती सगळ्यांसमोर उभी राहिली आणि सगळं धडाधडा सांगून टाकलं. केळी, सालं, वाटी, तेल, सगळं. "म्या पापी हाय," ती रडत म्हणाली. "ह्या पोरीनं उपवास धरला, अन् म्या नुसती उपाशी राह्यली." बायकांनी डोळे पुसले. कुंदाबाईनं चारुलताच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

परतताना चारुलता खाली बघत चालत होती. घराजवळ आल्यावर म्हणाली, "आई, आता सगळ्यांना कळलं."

रुक्माबाईच्या लक्षात यायला क्षणभर वेळ लागला. आणि मग तिला रस्त्यातच कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. दोषही आपणच लावला, आणि तो काढताना पोरीनं जपलेलं उपवासाचं गुपितही आपणच घालवलं. चारुलता मात्र दुसऱ्या दिवसापासून पुन्हा वाटी काढायला लागली. कोणासाठी, ते तिनं सांगितलं नाही.

धुळ्याचा शब्द मागे घेता येईना. योगेंद्र आईशी कामापुरतं बोलायचा. ईस्टरच्या आधीच्या पुण्यगुरुवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट आलं तेव्हा, आपण त्या लायक नाही असं वाटून रुक्माबाईनं ते न घेताच पुढे सरकवलं. लग्न होऊन आल्यापासून तिनं ते कधी चुकवलं नव्हतं. बाकावरच्या बायका तिच्याकडे संशयानं बघायला लागल्या, की हिनं आता आणखी काय केलं? तिनं मान खाली घालून ते सोसलं.

ईस्टर झाला आणि सामान नेणारा टेम्पो दाराशी लागला. भांडी चढली, गाद्या चढल्या. योगेंद्र पाया पडला आणि पुढे जाऊन बसला. चारुलता मात्र परत आत आली.

"आई, तुम्हीही चला ना."

आणि काय सांगू तुम्हाला! एवढं सगळं होऊनही रुक्माबाईच्या मनात पहिला विचार हाच आला, ही मला कशाला बोलावते? घरकामाला? पुढे पोरं सांभाळायला? की हे घर विकायचंय? ती तोंडाशी आलेलं गिळायची बाई नव्हतीच. "कशाले? माह्याकडं तुह्यं काय काम हाय?"

चारुलताच्या डोळ्यांत पाणी आलं. रुक्माबाईला आपल्याच जिभेची चीड आली. "पाह्य," ती म्हणाली, "हा असा हाय माहा स्वभाव. म्या आली तर तो बी संगं येईन. तिथं बी म्या तुह्यावर नजर ठेवीन. कुठी गेली, काय खाल्लं, कोणाशी बोलली, बठ्ठं पाहीन. नको नेऊ मले."

"ठेवा नजर," चारुलता म्हणाली. "मी जेवले की नाही ते बघायला पहूरहून कोणी येत नाही."

रुक्माबाईनं तिच्या चेहऱ्याकडे नेहमीसारखं रोखून पाहिलं, कुठं खोट दिसते का म्हणून. बराच वेळ पाहिलं. बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. मग ती उठली आणि आपली पातळं काढायला आत गेली.