डेमो ट्रॅक्टरची पूजा

माझा मोठा भाऊ कोलशेतच्या एका कारखान्याच्या मेंटेनन्स विभागातून निवृत्त झाला, तेव्हा त्याच्याकडे दोन गोष्टी होत्या. एक, बदललेला उजवा गुडघा. दुसरी, कल्याणच्या पुढे मुरबाड रस्त्यावरच्या एका गावातली वडिलोपार्जित पाऊण एकर जमीन. पहिलीमुळे दुसरी विकावी लागणार, असं वहिनीचं मत होतं.

तिच्या मताला आधार होता. मजूर सांगितलेल्या दिवशी येत नव्हते. आले तर दादा त्यांच्यासोबत शेतात उतरायचा आणि पुढचे चार दिवस डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये पाय उशीवर ठेवून बसायचा. त्यात एक गिऱ्हाईक आलं होतं. त्याला तिथे फार्महाऊस बांधायचं होतं आणि रविवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते हवं होतं.

दादाने यावर मिनी ट्रॅक्टरचा उपाय काढला. कल्याणचं एक दुकान शेतावर आणून फुकट डेमो देत होतं.

"मजूर नको, कोणाची मनधरणी नको," दादा म्हणाला. "बसायचं आणि चालवायचं."

"आणि गुडघा?" वहिनीने विचारलं.

"अगं, बसूनच चालवायचं आहे."

डायनिंग टेबलवर अटी ठरल्या. भात कापून झालेलं खालचं खाचर वालासाठी नांगरून काढायचं. पूर्ण, म्हणजे कोपऱ्यांसह. दुपारी एकच्या आत. दादाने एकट्याने, दुसऱ्या कोणाचाही हात न लागता. जमलं तर जमीन राहील आणि ट्रॅक्टरही घेता येईल. नाही जमलं तर संध्याकाळी गिऱ्हाइकाला होकाराचा फोन.

नोंद ठेवायला मला नेमलं. मी तीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली आहेत. "तू कधी कोणाची बाजू घेत नाहीस," वहिनी म्हणाली. हे तिने कौतुकाने म्हटलं नव्हतं. सख्ख्या नणंदेला पंच नेमणारी दुसरी भावजय माझ्या पाहण्यात नाही.

रविवारी नऊ दहाला टेम्पो आला. फळ्या लावून ट्रॅक्टर खाली उतरवला. तो लाल होता आणि त्याचं बोनेट माझ्या कमरेपर्यंत येत होतं. मागे जमीन उकरणाऱ्या पात्यांचा रोटाव्हेटर जोडलेला होता. सोबत दुकानाचा माणूस होता, चाळिशीतला, अतिशय नम्र. त्याच्या शर्टच्या खिशात तीन पेनं होती.

शेजारच्या खाचराचे मालक बांधावर येऊन बसले. त्यांना आम्ही मामा म्हणतो. त्यांच्या घराण्याची बरीचशी जमीन आता इमारतींखाली आहे. हे एक खाचर त्यांनी सवय म्हणून ठेवलं आहे. त्यांनी ट्रॅक्टरकडे बराच वेळ पाहिलं.

"यो ट्रॅक्टर हाय का त्याचा पोर?" त्यांनी विचारलं.

"मामा, अठरा एचपी आहे," दुकानाचा माणूस म्हणाला.

"आसंल. मोठा झाल्यावर कलंल."

दादा सीटवर चढणार, एवढ्यात वहिनीने त्याला थांबवलं. येताना गावदेवीला वाहायला तिने नारळ, हार, लिंबू आणि कुंकवाची डबी आणली होती. ती सगळी पिशवी घेऊन ती ट्रॅक्टरसमोर उभी राहिली.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. वहिनीच्या घरात पूजेशिवाय काहीही सुरू होत नाही. वॉशिंग मशीनवर स्वस्तिक आहे, पाण्याच्या फिल्टरवर आहे. मागच्या वर्षी दादाने गुडघ्याच्या व्यायामासाठी सायकल आणली. ती त्याने एकदाही चालवली नाही, पण तिला हार घातलेला मी पाहिला आहे.

"वहिनी, हा डेमो पीस आहे," दुकानाचा माणूस म्हणाला. "रोज वेगळ्या गावाला जातो."

"मग याची पूजा केलीय का कोणी?"

त्याने विचार केला. "कोणी नाही केली."

"बघा. बिचारं तसंच फिरतंय."

तिने बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि पुढच्या टायरजवळच्या दगडावर नारळ फोडला. दुकानाच्या माणसाने खोबरं दोनदा घेतलं. तिचा विरोध होता त्याच यंत्राची ती पूजा का करते आहे, असं मी विचारलं.

"माझा विरोध मशीनला नाही, यांना आहे," वहिनी म्हणाली. "त्यात त्याचा काय दोष?"

नऊ पन्नासला काम सुरू झालं. पहिल्या चार फेऱ्या सरळ गेल्या. धसकटं मुळासकट उलटत होती आणि मागे काळी, भुसभुशीत माती पडत होती. दादा ताठ बसला होता. वळताना तो आमच्याकडे पाहत नव्हता, पण आम्ही पाहतो आहोत की नाही ते पाहत होता. या गतीने साडेबाराच्या आत काम उरकेल, असा माझा अंदाज होता. तो मी वहीत लिहिला नाही.

पाचव्या फेरीला त्याने इंजिन बंद केलं.

"डाव्या बाजूला काहीतरी बोलतंय," तो म्हणाला.

"सगळ्यांचंच बोलतं, साहेब," दुकानाचा माणूस म्हणाला. "चालवा तुम्ही."

दादाने कारखान्यात चौतीस वर्षं यंत्रांचे आवाज ऐकले होते. बोलणारं यंत्र तसंच चालू ठेवणं त्याला जमणारं नव्हतं. त्याने पाठीवरच्या बॅगेतून स्वतःचे पाने काढले. ते त्याने डेमोला का आणले होते, हे कोणी विचारलं नाही. त्याने डावीकडचं कव्हर उघडलं, नट सैल केले, पाहिलं, पुन्हा आवळले. दुकानाचा माणूस मदतीला वाकला.

"हात लावू नका. अट आहे," दादा म्हणाला.

वहिनी आंब्याच्या सावलीत चटईवर काकड्या चिरत होती. "बघ हं, मी काही बोलत नाहीये," ती मला म्हणाली.

दहा वीस ते अकरा पाच: दुरुस्ती. अकरा सहा: यंत्र सुरू. आवाज पूर्वीसारखाच. अकरा चाळीस: पुन्हा बंद. या वेळी उजवी बाजू. कारण विचारता दादा म्हणाला, "डावीकडचं कसं आहे ते कळायला उजवीकडचं बघावं लागतं."

"आमचा बैल पन आसाच," मामा म्हणाले. "पन तो बसायचा तवा मालक उभा असायचा."

बारा वाजता निम्म्याहून थोडं जास्त झालं होतं. राहिला होता ओढ्याकडचा भाग आणि त्याचा खालचा कोपरा. दादाने घड्याळ पाहिलं. अवघड जागा आधी काढावी, असं त्याने ठरवलं असावं. तो कोपऱ्याकडे वळला.

मामा प्रथमच उभे राहिले. "त्या कोपऱ्यान नको जाव. तिथं पानी हाय खाली."

"पूर्ण ठरलंय, मामा," दादा ओरडून म्हणाला. "कोपऱ्यांसह."

बारा वीसला ट्रॅक्टर रुतला. पुढची चाकं आधी गेली, मग मागची जागच्या जागी फिरू लागली. दुकानाच्या माणसाच्या तिन्ही पेनांवर चिखल उडाला. दादाने रोटाव्हेटर बंद करून वर उचलला, इंजिन थांबवलं आणि खाली उतरला. त्याने चाकांखाली दगड टाकले. पेंढा टाकला. ट्रॅक्टर हलला नाही. आम्ही तिघं-चौघं बांधावर उभे होतो आणि अटीप्रमाणे कोणी पुढे होत नव्हतं. दादाही कोणाकडे पाहत नव्हता. मग तो चाकापुढचा चिखल हाताने उपसायला गुडघ्यांवर बसला.

गुडघ्यावर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. वहिनीने ते लिहून फ्रिजवर लावलं होतं.

ती उठली. ओढणी कमरेला बांधली, चपला बांधावर काढल्या आणि सरळ चिखलात उतरली.

"उठा आधी," ती म्हणाली. "वर बसा."

"अगं, अट..."

"अट माझी आहे ना? गप्प बसा आणि रिव्हर्स टाका."

तिने पुढून रेटा लावला. मग दुकानाचा माणूस उतरला, मग मामा. "तिथे हात नको," वहिनी दुकानाच्या माणसाला म्हणाली, "स्वस्तिक आहे." त्याने हात खाली सरकवला. मी वही बांधावर ठेवली. त्यामुळे बारा अठ्ठावीस ते बारा एक्कावन्न या काळाची नोंद उपलब्ध नाही. एवढंच सांगता येतं की ट्रॅक्टर एकदम सुटला, वेगात मागे गेला आणि बांधावर आदळला. त्याचा मागचा मडगार्ड आत गेला.

एक वाजता डबा उघडला. वहिनीने मला नोंदी वाचायला सांगितल्या. मी वाचल्या. एक तृतीयांश खाचर बाकी. एकूण दुरुस्ती एक तास पाच मिनिटं. मदत: चार व्यक्तींची, पंचासह.

"बरोबर आहे," दादा म्हणाला.

त्याने वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं. त्याने अर्धी भाकरी खाल्ली, हात धुतले आणि नांगरलेल्या भागाकडे तोंड करून बसला. "त्या गिऱ्हाइकाचा नंबर तुझ्याकडे आहे ना?" त्याने थोड्या वेळाने विचारलं.

"आधी जेवण पूर्ण करा," वहिनी म्हणाली.

तेवढ्यात दुकानाच्या माणसाने टेम्पोतून एक फडकं आणलं, डिझेलमध्ये बुडवलं आणि तो बोनेटकडे निघाला. मातीने माखलेल्या त्या यंत्रावर स्वस्तिक तेवढं स्वच्छ होतं.

"काय करताय?" वहिनीने विचारलं.

"पुसतोय, वहिनी. उद्या शहापूरला डेमो आहे."

"डिझेलने? कुंकू?"

"पाण्याने जात नाही."

"पुसायचं नाही ते."

तो थांबला. "तसं नेता येणार नाही, वहिनी. दुसऱ्याने पूजा केलेली गाडी दारात उभी केली तर गिऱ्हाईक जवळ येत नाही. म्हणतं, हिचा मालक ठरलाय."

"मग नेऊ नका."

"पुसू नको आणि नेऊही नको?" त्याने नम्रपणे दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नोंद करत होते.

"बरोबर बोलतं ती," मामा बांधावरून म्हणाले. "पुजलेली गारी कुनी परत पाठवतं काय?"

वहिनी ट्रॅक्टरकडे पाहत होती, मग राहिलेल्या एक तृतीयांश भागाकडे. नारळ तिनेच फोडला होता आणि खोबरं आम्ही सगळ्यांनी खाल्लं होतं.

"राहिलेलं किती वेळात होईल?" तिने दादाला विचारलं.

"तास. फार तर सव्वा."

"एकही नट न उघडता?"

दादाने डावीकडच्या कव्हरकडे पाहिलं. "डाव्या बाजूचा..." त्याने सुरुवात केली.

"पाने इकडे द्या."

त्याने बॅग तिच्याकडे दिली. ती तिने चटईखाली ठेवली आणि चटईवर बसली. दोन वाजता दादा पुन्हा सीटवर चढला. यंत्र डावीकडून बोलत राहिलं. तो प्रत्येक वळणावर मान तिकडे वळवत होता, पण थांबला नाही. ओल्या कोपऱ्याला मामांनी काठी रोवून दिली होती. तिच्या अलीकडून तो वळत राहिला. तीन दहाला खाचर झालं, तो कोपरा वगळून. तिथे अळू लावायचं, असं वहिनीने जाहीर केलं. व्यवहार होईपर्यंत स्वस्तिक पुसायचं नाही, या बोलीवर ट्रॅक्टर टेम्पोतून परत गेला.

संध्याकाळचा फोन तिनेच केला. मी शेजारी उभी होते. "नाही, जमीन द्यायची नाही," ती म्हणाली. "नाही, किमतीचा प्रश्न नाही. पूजा झालीय." पलीकडून बहुधा कसली ते विचारलं गेलं. तिने सांगितलं नाही.

आठवड्याने दादा व्यवहार करायला कल्याणच्या दुकानात गेला. त्यांनी वेष्टनातला नवा कोरा ट्रॅक्टर पुढे केला. वहिनी सोबत होती. तिला तो नको होता. ज्याला नारळ फोडला तोच हवा. दुकानाच्या माणसाने परोपरीने सांगितलं की डेमो पीस कितीतरी गावं फिरला आहे, कितीतरी लोकांनी तो हवा तसा हाकला आहे, शिवाय मडगार्ड आत गेलेला आहे. गिऱ्हाइकाने माल घेऊ नये म्हणून इतका झटणारा विक्रेता मी पाहिला नाही. शेवटी त्याने तोच दिला. स्वस्तिक तोवर कोणी पुसलं नव्हतं. शहापूरचा डेमो रद्द झाला होता.

वहीत निकालाचा रकाना रिकामा होता. मी लिहिलं: मशीन नापास, जमीन राहिली. वहिनीने ते वाचलं आणि दुरुस्ती सुचवली. मशीन नापास नव्हतं, चालवणारा होता. ती दुरुस्ती मी स्वीकारली. पंचाने मदत केली होती, हे वाक्य काढून टाकायची माझी सूचना तिने नाकारली.

वाल आता गुडघ्याएवढा झाला आहे. दादा दर शनिवारी तिथे जातो. नांगरण्यासारखं सध्या काही नाही. परवा त्याचा फोन आला. त्याने ट्रॅक्टरचं डावीकडचं कव्हर उघडलं होतं आणि सकाळपासून तो तिथेच होता.

"अजून बोलतंय गं," तो म्हणाला. इतका आनंदी आवाज मी त्याच्या निवृत्तीनंतर ऐकला नव्हता.