राड्कामावशीचा स्पीडब्रेकर

राड्कामावशीने बल्गेरियातल्या रूसेच्या बंदरावर अर्धं आयुष्य क्रेन चालवली. निवृत्त झाल्यावर धाकट्या बहिणीला, स्लावेयाला, तिने आपल्याकडेच राहायला आणलं. दोघीही बिनलग्नाच्या. घर पहिल्या मजल्यावर, खिडकी इमारतीमागच्या पार्किंगवर उघडणारी. पार्किंग रहिवाशांच्या मालकीचं, त्यामुळे तिथे काय करायचं ते रहिवाशांनीच ठरवायचं.

गेल्या मार्चमध्ये स्लावेया गालिचा झटकायला खाली गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या बोरीलने फाटकातून गाडी जोरात आत घातली आणि वळणावर त्याला ती आवरली नाही. गाडीच्या धक्क्याने स्लावेया पडली ती मावशीच्या खिडकीखालीच. दवाखान्यात ती शुद्धीवर आलीच नाही.

बोरीलचा परवाना गेला. कोर्टाने शिक्षा दिली, पण तुरुंगात काही धाडलं नाही. तो त्याच जिन्याने ये-जा करत राहिला. मावशी समोरून आली की भिंतीला चिकटून उभा राहायचा.

स्पीडब्रेकर बसवणं हा माझा धंदा. दुकानांच्या, कारखान्यांच्या पार्किंगमध्ये मी ते बसवत असतो. मावशीने मला रहिवाशांच्या बैठकीला बोलावलं. बैठक जिन्यातच भरली होती.

“माझी गाडी खालून घासेल,” एकजण म्हणाला.

“बर्फ काढणारं पातं अडकेल त्यात,” दुसरा म्हणाला.

मावशी उठली. “तुमच्या गाड्यांना मेकॅनिक आहे. स्लावेयाला मी कुठल्या मेकॅनिककडे न्यायचं होतं?”

पहिला हात वर केला तो तळमजल्यावरच्या मिन्चोकाकांनी. मागोमाग बाकीच्यांनीही.

“सगळ्यात उंच दे मला, क्रास्यो,” खाली आल्यावर मावशी म्हणाली. “दात हलले पाहिजेत एकेकाचे.”

“मावशी, फार उंच लावला तर लोक तो चुकवायला चाक कडेने घालतात. आणि कडेनेच माणसं चालतात. बुटका, रुंद घेऊ. रबराचा.”

तिला ते पटलं. जागा मात्र पटेना. मी वळणाच्या आतली, तिच्या खिडकीखालची जागा दाखवली.

“तिथे नको. त्या जागी धप्प झालेलं मला नाही ऐकवणार.”

म्हणून तो वळणाच्या अलीकडे, मिन्चोकाका आणि पाव्लिनाकाकूंच्या खिडकीसमोर बसवला. मी डांबरात भोकं पाडली, धूळ फुंकून काढली, बोल्ट ठोकले, पाणी वाहून जायला भिंतीकडे फट ठेवली. मावशीने त्याच्यावर उभं राहून दोनदा पाय आपटले.

आठवडाभरात बोल्ट निघाले आणि रबराचे तुकडे कचऱ्याच्या डब्यापाशी पडलेले सापडले. मी पुन्हा बसवले. पुन्हा निघाले.

“बोरीलच!” मावशी फोनवर ओरडत होती. “बहीण खाल्ली माझी, आता हेही उखडतोय मेला! तू ये आधी.”

मी भरदुपारी पोचलो. मावशी फाटकातच वाट बघत होती. आम्ही दोघं आत वळलो तर मिन्चोकाका गुडघ्यांवर बसलेले, हातात पाना.

“मिन्चोभाऊ? तुम्ही?”

म्हातारा उठलाही नाही. “पाव्लिनाचा कॅन्सर हाडांत उतरलाय, राड्का. गाडी ह्याच्यावरून गेली की भिंत हादरते, पलंग हादरतो. किंचाळते ती. आता तर फाटक वाजलं तरी आधीच किंचाळते.”

“मग सांगायचं नाही का मला?”

“कुठल्या तोंडानं सांगू? पहिला हात माझाच होता.”

मावशीने त्यांच्या हातातून पाना काढून घेतला. मला वाटलं, आता फेकून मारते. ती खाली बसली आणि उरलेले बोल्ट सोडवायला लागली.

“खिडकीखाली लाव,” ती शेवटी म्हणाली.

“तुमच्या?” मी विचारलं.

“मग कोणाच्या?”

मी भोकं पाडत होतो तेव्हा बोरील खाली आला. त्याने तुकडे ओळीत धरले. मावशीने वरून पाहिलं, खिडकी लावून घेतली. काम झाल्यावर तो हात पुसत जिना चढून गेला.

पाव्लिनाकाकू नाताळाच्या आधी गेल्या. चाळीसाव्या दिवशी रिवाजाप्रमाणे मिन्चोकाकांनी त्यांच्या नावाने उकडलेले गोड गहू घरोघर वाटले. मीही त्या दिवशी तिथे होतो. मावशीच्या दारात ते थांबले.

“आता परत माझ्याकडे लावा. मला आता काय त्रास?”

“राहू दे, भाऊ. सवय झाली मला.”

ते गेल्यावर तिने मला कॉफी दिली. खाली एक गाडी आत आली, पुढची चाकं आपटली, मग मागची. मावशीने कप खाली ठेवला आणि आवाज संपेपर्यंत टेबलाची कड धरून बसली. तिचा पलंग तिने त्या खिडकीपासून दूर, स्वयंपाकघरात चुलीशेजारी ओढून आणला होता.