‘हां’ म्हणेपर्यंत

आमच्या धाकट्या भावजींइतका सावकाश माणूस लातूर शहरात दुसरा नाही, आणि असलाच तर तो अजून घरातून बाहेर पडायचा आहे. हे शहर घड्याळ लावून प्रश्न सोडवण्यावर चालतं. माझी मेस शिकवणी वर्गांच्या गल्लीत आहे, त्यामुळे मला ते रोज दिसतं. पोरं वरणभात चावत नाहीत, गिळतात. एका हातात घास आणि दुसऱ्या हातात नोट्स. अशा गल्लीच्या तोंडाशी आमचे भावजी वांगी घ्यायला उभे राहतात. एक वांगं उचलतात, फिरवून बघतात, खाली ठेवतात, दुसरं उचलतात आणि पहिल्याकडे परत वळतात. भाजीवाली एकदा म्हणाली, “सर, त्याच्यासंगं लगीन लावायचं न्हाई तुम्हाला.” भावजी म्हणाले, “मावशी, जरा दम धरा. विचार करायलो.” तिनं तोवर बाकीची गिऱ्हाइकं उरकली, वांगी संपली आणि भावजी दोडके घेऊन घरी आले. लग्नाचंही तसंच झालं. देवणीला मुलगी बघायला गेलो होतो. “विचार करून कळवतो” असं सांगून आले. त्या मुलीच्या पहिल्या लेकराच्या बारशाचं आमंत्रण आलं तेव्हा मला म्हणाले, “वहिनी, मुलगी चांगली आहे. हो म्हणून टाका.”

ते फिजिक्स शिकवायचे. उत्तम शिकवायचे, हे त्यांना वर्गातून काढणाऱ्यांनीही मान्य केलं. फक्त फळ्यावर प्रश्न लिहिला की खुर्चीवर बसून राहायचे आणि पोरांना सांगायचे, “विचार करा. प्रश्न कुठं पळून जात नाही.” क्लासचे मालक म्हणाले, “सर, प्रश्न पळत न्हाई, पण पोरं पळतात ना! शेजारच्या क्लासला जायलेत.” मग त्यांना फळ्यावरून उतरवून शंका सोडवायला जिन्याखालच्या टेबलावर बसवलं. तिथे पोरं रांगेत उभी राहतात आणि ‘डाउट सर’ म्हणतात. पगार कमी झाला. मी म्हटलं, भांडा. ते म्हणाले, “बघतो विचार करून.” अजून बघतायत.

त्यांची आणखी एक सवय मला माझ्या लग्नापासून नाही, त्यानंतरच्या एका वर्षापासून माहीत आहे. कुठल्याही घरात गेले की आधी दार कुठे आहे ते बघतात आणि त्या खोलीतल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला उठवून दाराजवळ बसवतात. साखरपुड्यात, तेराव्याला, बँकेतसुद्धा. “काकू, तुम्ही जरा इकडं सरका.” काकूंना वाटतं वाऱ्यासाठी. आमचं सासरचं गाव भूकंपात गेलं तेव्हा भावजी दहावीत होते. मी आणि यजमान लातुरात भाड्याच्या खोलीत. गावात ते आणि सासूबाई दोघंच. गणपती बोळवून लोक झोपले होते. ते दाराशी, सासूबाई आत, मधे दगडमातीची हातभर जाड भिंत. आपण पळालो की फेकले गेलो, हे त्यांना आजही सांगता येत नाही. सासूबाई आतच राहिल्या. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये भेटायला येणारे नातेवाईक आमच्या वाट्याला आलेली मदतीची भांडी न्याहाळून झाली की हळूच विचारायचे, “आईला हाक तरी मारलास का रे?” एका मावससासऱ्यांना मी तिथल्या तिथे म्हटलं, “तुम्ही काय केलं असतं ते करून दाखवा. एक भिंत अजून उभी आहे.” ते पुन्हा आले नाहीत. बाकीचे येत राहिले.

पुढे यजमानांनी त्यांना शिकायला नांदेडला पाठवलं. शिकले, पण पहिल्यांदा शिकले तो खेळ. त्यांच्या खोलीत भोकरचा एक मुलगा होता. त्याच्या चुलत्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये रविवारी एक यंत्र मोकळं असायचं. त्यावर परदेशातला एक खेळ होता, आणि तो मी इतक्यांदा ऐकलाय की न खेळता सांगू शकते. आपण एका माणसाचं सोंग घ्यायचं, सोबतीला चार जण जमवायचे, गावोगाव हिंडायचं, कुणाशी गोड बोलायचं, कुणाला फसवायचं. कुणाला वाचवायचं आणि कुणाला सोडायचं ते आपण ठरवायचं. आणि लढाई आली की सगळं थांबतं. आधी आपला डाव, मग त्याचा. राक्षस हात उगारून उभा असतो, पण तुम्ही चाल करेपर्यंत तो हात खाली आणत नाही. तुम्ही चहा पिऊन या, जेवून या, तो उभाच. मी म्हटलं, असला राक्षस आमच्या गल्लीत आठवडाभरही नोकरीवर टिकायचा नाही. भावजी हसले नाहीत. “वहिनी, दुनियेत हा एकच दुश्मन बघितला मी, जो थांबतो.”

खुर्ची एक, स्टूल एक. खुर्चीवरच्यानं बटन दाबायचं, स्टुलावरच्यानं विचार करायचा, आणि स्टुलावरचा ‘हां’ म्हणेपर्यंत बटनाला हात लावायचा नाही, असा या दोघांनी कायदा केला. स्टुलावर कोण असायचं ते सांगायला नको. भोकरचे ते गृहस्थ आज खत-बियाण्यांचं मोठं दुकान चालवतात. मोबाइल आले तेव्हा दोघांनी या खेळाच्या शौकिनांचा ग्रुप काढला. नांदेडचा एक तरुण दाताचा डॉक्टर, नायगावचे एक शिक्षक, देवणीचे निवृत्त मास्तर असे बरेच जण जमले. त्या ग्रुपवर सगळ्यांचा मिळून एक डाव वर्षानुवर्षं चाललेला. भावजी रोज संध्याकाळी लिहायचे, आपण कुठे आहोत, समोर कोण आहे, काय करावं म्हणतो. सगळे ‘हां’ म्हणाले की ते बटन दाबायचे. जिन्याखालच्या त्या माणसाला दिवसभरात लोक फक्त शंका विचारत. त्याचं मत विचारलं जाई ते तेवढ्या वेळात.

मग इतक्या वर्षांनी त्या खेळाचा दुसरा भाग आला आणि त्यातला राक्षस थांबेना. समोर आला की सरळ मारतो. झालं, ग्रुपमध्ये पक्ष पडले. जुने नव्यांना ‘बटनबडवे’ म्हणू लागले, नवे जुन्यांना ‘पेन्शनर’. पहिल्या भागात मेलेला लोहार दुसऱ्यात जिवंत कसा, यावर नायगावचे शिक्षक निषेध करून ग्रुप सोडून गेले आणि जेवण झाल्यावर परत आले. भावजींची अडचण वेगळीच. ते उत्तर तीन दिवस विचार करून लिहायचे, तोवर विषय बदललेला. लोहारावरचा त्यांचा निबंध डॉक्टरच्या मुलीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली पडला. “हे मला बिलकुल मान्य नाही, आणि त्याची कारणं खालीलप्रमाणे.” डॉक्टरच्या बायकोनं म्हणे ते वाचून फोन केला.

शेवटी ठरलं, समोरासमोर बसून निकाल लावायचा: जुना डाव चालू ठेवायचा की बंद करून ग्रुप नव्या खेळाला द्यायचा. रविवारी दुपारी माझी मेस मोकळी असते. किती ताटल्या लागतील ते कळावं म्हणून भावजींनी मलाही ग्रुपात घेतलं. मी भिजवलेल्या चुरमुऱ्यांची मोठं पातेलंभर सुशीला केली, वर शेंगदाणे आणि शेव. मंडळी आली. भावजींनी देवणीच्या मास्तरांना उठवून दाराजवळ बसवलं. मग बोलणं सुरू झालं आणि सुशीला गार होऊ लागली.

“सर, राग मानू नका,” डॉक्टर म्हणाला, “पण राक्षसानं का म्हणून थांबायचं? खऱ्यात कोण थांबतंय?”

भावजी विचार करू लागले.

“हे बघा, इथंच घोडं अडतंय!” नायगावचे शिक्षक हसले. “सरांचा डाव आला की आपण म्हातारे होतो.”

“तुम्ही आधीच झालाव, गुरुजी,” कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. भावजी अजून विचार करत होते.

“हात वर करा आन् मोकळे व्हा,” डॉक्टर म्हणाला. “मला नांदेड गाठायचंय. नव्या खेळाच्या बाजूनं कोण कोण?”

हात वर गेले. भोकरवाल्यांनी भावजींकडे बघितलं नाही, पण हात वर केला.

भावजी हळू म्हणाले, “दोस्त, मला विचारला न्हाईस.”

“काय विचारायचं गड्या त्यात?”

“मी ‘हां’ म्हणलो न्हाई. स्टुलावर अजून मीच बसलोय.”

भोकरवाल्यांनी हात खाली घेतला, पण मत तिथेच राहिलं. “पन्नाशीला आलाव आपण,” ते म्हणाले. “पोरगं माझ्याशी बोलत न्हाई. हा नवा खेळ खेळताना तेवढं दोन शब्द बोलतंय. ते थांबत न्हाई रे माझ्यासाठी. मी तुझ्यासाठी कुठवर थांबू?”

मी म्हटलं, “खाऊन घ्या, गार झालंय.” आणि सगळ्यांनी इतक्या घाईनं खाल्लं, जसं काही माझ्याकडची पोरंच परीक्षेला निघालीत. जाताना डॉक्टरनं भावजींना नमस्कार केला. भोकरवाले गाडीत आधीच जाऊन बसले होते.

मी ताटल्या गोळा करत होते. भावजी रिकाम्या खुर्च्यांसमोर तसेच बसलेले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “खऱ्यात कुणी थांबत न्हाई. म्हणूनच तर.” डॉक्टरला दिलेलं उत्तर होतं ते. डॉक्टर एव्हाना अहमदपूरच्याही पुढे गेला असेल.

मंडळींनी नवा ग्रुप काढला आणि जुन्यातून एकेक करून निघाले. निरोप वगैरे नाही, नुसतं ‘बाहेर पडले’, ‘बाहेर पडले’. भोकरवाले सगळ्यांत शेवटी. आता त्या ग्रुपात भावजी आहेत आणि ताटल्यांच्या हिशेबापुरती घेतलेली मी. ते मला काढायला विसरले असतील असं मी धरून चालले होते. पण भावजी काही विसरणारे नव्हेत.

रोज संध्याकाळी माझ्याकडे पोळ्यांची गडबड असते तेव्हा मोबाइल वाजतो. ते लिहितात, “आपण वेशीपाशी आहोत. दुश्मन हात उगारून उभा. घरात एक म्हातारी आहे. आत जावं म्हणतो.” पुढे काही नाही. वर्गाच्या जिन्याखाली बसून ते वाट बघत असणार, मला माहीत आहे. मला हा खेळ येत नाही, आवडत तर त्याहून नाही, आणि तव्यावरची पोळी कुणासाठी थांबत नाही. पोरांची पंगत उठते, मी गॅस बंद करते, हात पुसते आणि लिहिते, “हां. आधी म्हातारीला दाराजवळ आणा, मग बाकीचं बघू.”